ग्राफीनओएस टाकल्यावर बँकेची ॲप्स आणि यूपीआय चालतात का?

सेकंडहँड पिक्सेल (गूगलचा फोन) घेऊन त्यावर ग्राफीनओएस, म्हणजे अँड्रॉइडवरच बेतलेली पण सुरक्षा आणि खासगीपणावर भर देणारी सिस्टिम, टाकलं तर रोजची ॲप्स चालतील का, असं तुम्ही विचारलंय. मी दीड वर्ष तेच वापरतोय. बहुतेक सगळं चालतं, अडलंच तर बँकेपाशी अडतं.

प्ले स्टोअर त्यातही टाकता येतं. फरक एवढाच की प्ले सर्व्हिसेस, म्हणजे पडद्याआड चालणाऱ्या गूगलच्या सेवा, तिथे घरमालक नसतात, बाकीच्या ॲपसारख्याच भाडेकरू. लोकेशन नाही दिलं तर नाही मिळत. व्हॉट्सॲप, रेल्वेचं तिकीट, वीजबिल, कशालाच मला त्रास झाला नाही.

आता बँक. माझ्या एका बँकेचं ॲप उघडल्या उघडल्या 'तुमचा फोन रूट केलेला आहे' म्हणतं आणि मिटतं. फोन रूट नाही, म्हणजे सिस्टिमचा पूर्ण ताबा मी कुठल्या ॲपला दिलेला नाही. सिस्टिम बदलण्यासाठी उघडावं लागणारं कुलूप, म्हणजे बूटलोडर, तेही परत लॉक केलंय! पण प्ले इंटिग्रिटी नावाची तपासणी बघते ती सिस्टिम गूगलने प्रमाणित केलेली आहे का. ग्राफीनओएस त्यातली 'बेसिक' पायरीच पार करतं. वरची मागणाऱ्या ॲपपुढे इलाज नाही. आणि २०२१ नंतर एकही सुरक्षा अपडेट न आलेल्या भावाच्या फोनवर तेच ॲप बिनबोभाट चालतं. त्या बँकेचं काम मी ब्राउझरमधून उरकतो.

दुसऱ्या बँकेचं ॲप नुसतंच क्रॅश व्हायचं. ग्राफीनओएस मेमरीच्या बाबतीत फार कडक आहे, इतर फोनवर खपून जाणाऱ्या चुका इथे खपत नाहीत. त्या ॲपपुरता 'एक्स्प्लॉइट प्रोटेक्शन कंपॅटिबिलिटी मोड' चालू केला, तेव्हापासून ठीक.

यूपीआयने मात्र माझीच फजिती केली. पैशांची ॲप्स वेगळ्या प्रोफाइलमध्ये (त्याच फोनवरचं दुसरं, स्वतंत्र खातं) ठेवली होती. नोंदणीसाठी सिमवरून बँकेला जाणारा एसएमएस काही केल्या जाईना. तासभर सिम काढ-घाल केल्यावर कळलं, नव्या प्रोफाइलला कॉल आणि एसएमएसची मुभा मुळात बंदच असते. मुख्य प्रोफाइलमधून ती दिली आणि पुढच्या मिनिटाला नोंदणी झाली. गूगलची फोन टेकवून पैसे द्यायची सोय विसरा. क्यूआर स्कॅनवर माझं भागतं.

फोन घेताना विकणाऱ्यासमोरच सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'ओईएम अनलॉकिंग' बघा, ते चालू झालं नाही तर बूटलोडर उघडत नाही आणि ग्राफीनओएस टाकता येत नाही. इंटरनेट जोडूनही ते करडंच राहिलं, दाबता आलं नाही, तर तो फोन घेऊ नका. अमेरिकेतून आलेल्या, तिथल्या मोबाइल नेटवर्क कंपनीने लॉक केलेल्या पिक्सेलमध्ये हे हमखास सापडतं. आणि जुना फोन एवढ्यात विकू नका, आधी तुमच्या बँकेचं ॲप नव्यावर महिनाभर चालवून बघा.