जप्ती कसली, ती तर जप्तीबंदी!

एका वाचकांनी कुठल्याशा लेखातलं वाक्य पाठवलंय: 'बुश यांनी २००३ मध्ये आणीबाणी लादून इराकचे तेल जप्त केले.' त्यांचा प्रश्न असा की 'आणीबाणी लादली' म्हणावं, 'पुकारली' म्हणावं की 'जाहीर केली'? शिवाय, अमेरिकेच्या अध्यक्षाने इराकमध्ये आणीबाणी कशी काय आणली?

क्रियापदाचं नंतर बघू. त्या वाक्यात दुसरा एक शब्द उताणा पडलाय, त्याला आधी उचलायला हवं. तो म्हणजे 'जप्त'. हल्ली वर्तमानपत्रांत सगळंच जप्त होतं. खाती जप्त, जहाजं जप्त, तेल जप्त. गोठवलं, अडवलं, ताब्यात घेतलं, सरकारजमा केलं, खालसा केलं या पाच वेगळ्या गोष्टी मराठीला शंभर वर्षांपूर्वी स्वच्छ कळत होत्या. आता एकच शब्द सगळीकडे फिरवतात.

आणीबाणीचं थोडक्यात उरकतो. २५ जून १९७५ नंतर मराठी माणसाला हा शब्द ऐकला की तुरुंग आणि कोरे अग्रलेख आठवतात. म्हणून वाचकांना वाटलं की आणीबाणी बगदादमध्ये लागली. ती लागली अमेरिकेत, आणि तीही कागदावर. तिथे १९७६ चा राष्ट्रीय आणीबाणी कायदा आहे आणि त्याच्या पाठीला पाठ लावून आलेला १९७७ चा आंतरराष्ट्रीय आर्थिक अधिकारांचा कायदा आहे. परदेशातून देशाला 'असाधारण धोका' आहे असं राष्ट्राध्यक्षाने जाहीर केलं, की परकी मालमत्तेचे व्यवहार रोखण्याचे अधिकार त्याच्या हाती येतात. आपल्याकडे ४४ व्या घटनादुरुस्तीपासून मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला असल्याशिवाय राष्ट्रपतींना कलम ३५२ ची उद्घोषणा करता येत नाही. तिकडे एकट्याची सही पुरते. रस्त्यावरच्या माणसाला पत्ताही लागत नाही.

आणि ही आणीबाणी संपत नाही. इराणी मालमत्तेसाठी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १४ नोव्हेंबर १९७९ रोजी जाहीर केलेली आणीबाणी दर वर्षी मुदतवाढ घेत अजून जिवंत आहे. मराठीत 'आणीबाणीच्या प्रसंगी धावून आला' म्हणतात, तेव्हा घटका-दोन घटकांचा पेच डोळ्यांपुढे असतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षं टिकते ती वहिवाट! असो.

आता इराक. एकापाठोपाठ एक दोन आदेश निघाले आणि आपल्या लेखकमंडळींनी दोन्हींची खिचडी केली. पहिला २० मार्च २००३ चा, युद्धाला तोंड फुटलं तेव्हाचा. सद्दामने कुवेत गिळलं त्या दिवसापासून, म्हणजे २ ऑगस्ट १९९० पासून, अमेरिकी बँकांत इराकी सरकारचा पैसा गोठवलेला होता. गोठवलेला म्हणजे मालकी इराकचीच, फक्त हलवायची सोय नाही. त्यातल्या सुमारे १.७ अब्ज डॉलरची मालकीच या आदेशाने अमेरिकी सरकारकडे गेली. १९७७ च्या कायद्यात मालकी काढून घेण्याची सोय नव्हती. ती २००१ च्या दहशतवादविरोधी कायद्याने घुसवली, तीही प्रत्यक्ष लढाई चालू असेल किंवा देशावर हल्ला झाला असेल तेव्हापुरती. या आदेशाला मराठीत 'सरकारजमा' म्हणावं. संस्थान असतं तर 'खालसा' म्हटलं असतं, सातारा १८४८ साली झालं तसं.

दुसरा आदेश २२ मे २००३ चा, क्रमांक १३३०३. आपल्या वाक्यातली 'आणीबाणी' हीच. मौज पाहा. यात बुश यांनी देशाला असाधारण धोका म्हणून काय नोंदवलं? इराकचं तेल आणि तेलाचा पैसा यांवर कुणीतरी कोर्टातून जप्ती आणील हा धोका! म्हणून जप्ती, हुकूमनामा, बोजा, दरखास्त असं सगळं त्या पैशाच्या बाबतीत निरर्थक ठरवलं. म्हणजे आपल्या वाक्यात 'जप्त केले' असं जे लिहिलंय, तो आदेश निघाला होता नेमकी जप्ती थोपवण्यासाठी. जप्ती कसली, ती तर जप्तीबंदी!

धोका खोटा नव्हता. सद्दामच्या काळातले सावकार जगभर बसले होते. खुद्द अमेरिकेत १९९१ च्या युद्धातल्या १७ युद्धकैद्यांनी छळाबद्दल इराकवर दावा लावला होता. जुलै २००३ मध्ये त्यांच्या बाजूने सुमारे ९६ कोटी डॉलरचा निकाल लागला, पण त्या १.७ अब्जांतला एक डॉलरही त्यांना मिळू दिला नाही, आणि पुढच्या वर्षी वरच्या कोर्टाने तो निकालही रद्द केला. आता या आदेशाच्या पांघरुणात तेल कंपन्यांनाही ऊब मिळाली अशी टीका तेव्हाच झाली होती, आणि आदेशाची भाषा इतकी ऐसपैस आहे की टीकाकारांना दोष देता येत नाही.

पण 'जप्त' हा शब्द आला कुठून? इथे मला राहवत नाही. मूळ अरबी 'दब्त'. त्यातला 'द' आपला नव्हे. तो 'दाद' नावाचा जाडजूड वर्ण, ज्याचा अरबांना इतका अभिमान की ते आपल्या भाषेलाच 'दादची भाषा' म्हणतात. इराणी जिभेला तो जमला नाही, त्यांनी त्याचा 'झ' केला, आणि आपल्याकडे पोचेपर्यंत त्याचा 'ज' झाला. कर्ज, अर्ज, मर्जी, राजी, काजी, हजर, जिल्हा आणि कब्जा या प्रत्येकातला 'ज' हा तोच दाद. कोर्टाची निम्मी पायरी या एका वर्णावर उभी आहे!

तर 'दब्त' म्हणजे हिसकावणं नाही. दब्त म्हणजे शिस्त, आवर, नियमन. अकबराच्या काळात तोडरमलने जमीन मोजून सारा ठरवण्याची जी पद्धत लावली तिचं नाव 'जब्त'. तिथे कुणाची जमीन काढून घेतली नव्हती, मोजणीच्या शिस्तीत आणली होती. याच धातूचा 'जाबता'. अष्टप्रधानांची कामं ठरवून देणारा शिवकालीन 'कानूजाबता' आठवा. उर्दूत फौजदारी प्रक्रिया संहितेला 'जाब्ता फौजदारी' म्हणतात तो हाच. आणि आजच्या अरबीत 'दाबित' म्हणजे लष्करी अधिकारी, शिस्तीत ठेवणारा. २२ मे रोजी वॉशिंग्टनमध्ये इराकी तेलाला जप्तीतून अभय मिळालं आणि दुसऱ्याच दिवशी, २३ मे ला, बगदादमध्ये अमेरिकेने नेमलेले प्रशासक पॉल ब्रेमर यांनी इराकी सैन्य बरखास्त करून हजारो दाबित घरी बसवले. एकाच धातूची दोन लेकरं चोवीस तासांत निकालात निघाली.

मग त्या तेलाचं झालं काय? जप्त नाही, खालसा नाही. मी म्हणतो, 'अमानत' झालं. आणि हा शब्द मी घरी बनवलेला नाही. मराठी दफ्तरात तो सर्रास सापडतो. वतनावरून दोन भाऊबंद भांडायला लागले की निवाडा होईपर्यंत सरकार ते वतन 'अमानत' करी. उत्पन्न सरकार गोळा करणार, मालकी कुणाची ते मागाहून ठरणार. सुरक्षा समितीच्या २२ मे २००३ च्याच १४८३ क्रमांकाच्या ठरावाने हेच केलं. अमेरिका आणि ब्रिटन यांना स्पष्टपणे कब्जेदार सत्ता म्हटलं, इराक विकास निधी नावाचं खातं मान्य केलं, आणि तेलाच्या उत्पन्नातले ९५ टक्के त्यात व उरलेले ५ टक्के कुवेतच्या आक्रमणातल्या नुकसानभरपाईला, अशी वाटणी ठरवली. खातं उघडलं न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत. पैसा इराकी जनतेचा, सही ब्रेमर यांच्या प्रशासनाची. अमानत याहून वेगळी काय असते?

अमानत नीट सांभाळली का, हा वेगळा प्रश्न. मे २००३ ते जून २००४ या काळात त्या न्यूयॉर्कमधून जवळपास १२ अब्ज डॉलरच्या नोटा, वजनाने ३६३ टन, लाकडी पाटांवर रचून मालवाहू विमानांनी बगदादला नेल्या. २८ जून २००४ ला प्रशासनाने गाशा गुंडाळला. पुढच्या जानेवारीत अमेरिकेच्याच विशेष महानिरीक्षकांनी ८.८ अब्ज डॉलरच्या वापरावर पुरेशी देखरेख नव्हती असा शेरा मारला. आपल्याकडच्या कुठल्याही कमाविसदाराची, म्हणजे पेशवाईतल्या वसुली अधिकाऱ्याची, अशा हिशेबावर बेडी चुकली नसती.

आता खरी गंमत. 'अमानत' हा शब्द आपण रोज वापरतो, पण ओळखत नाही. घरमालकाला देतो ती 'अनामत' हीच! म आणि न यांनी जागा बदलल्या, बस. अ-नाम-त, म्हणजे 'ज्या रकमेला नाव नाही ती', अशी फोड एका व्याकरणप्रेमी गृहस्थांनी मला पत्राने कळवली होती. इतकी सुबक फोड दिसली की समजावं, शब्द उपरा आहे आणि संस्कृतचं सोवळं कुणीतरी मागून नेसवलंय. मूळ धातू अ-म-न. विश्वास, निर्धास्तपणा. 'इमान', 'इमानदार', 'अमीन', प्रार्थनेतलं 'आमीन' आणि आपला 'अमन' सगळे एकाच घरचे. आणि आता दचकायला तयार व्हा: संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीला अरबीत 'मजलिस अल-अम्न' म्हणतात. राष्ट्रीय सुरक्षेतली सुरक्षाही 'अम्न'च. म्हणजे बगदादच्या वर्तमानपत्रात ती सगळी हकिगत अशी वाचली गेली असणार की 'अम्न'च्या मजलिसने 'अम्न'ला असलेल्या धोक्यापायी आपल्या तेलाची अमानत केली. हा योग भाषेनेच जुळवून ठेवलाय, मी फक्त बोट दाखवतोय.

कुणी म्हणेल, 'निवडणुकीत अनामत जप्त होते, तिथे पैसे परत मिळतात का?' नाही मिळत. लोकसभेला एकूण वैध मतांच्या एकषष्ठांश मतंही न मिळालेल्या सर्वसाधारण गटातल्या उमेदवाराचे पंचवीस हजार कायमचे सरकारजमा होतात. तिथे म्हणायला हवं होतं 'अनामत बुडाली', गावात म्हणतातही तसंच. 'जप्त' इथूनच घसरला, असा माझा पक्का संशय आहे. दर पाच वर्षांनी हजारो वेळा छापलेला शब्दप्रयोग. जप्ती म्हणजे कायमचं गेलं, हे त्याने घराघरांत रुजवलं. दिवाणी कोर्टात मात्र जप्ती अजून मूळ अर्थाला धरून आहे. बेलीफ येतो, पंचनामा करतो, पण पैसे भरले की 'जप्ती उठते'. खालसा झालेलं काही उठत नाही.

शासकीय परिभाषेवाल्यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे अधिग्रहण, अधिहरण आणि समपहरण. तीन शब्द, तिन्ही बिनचूक, आणि तिन्हींतला फरक सांगणारा मराठी माणूस मला अजून भेटायचाय. वकीलसुद्धा खाली इंग्रजी प्रत ठेवून वाचतात. सरकारजमा आणि खालसा हे शब्द घरात असताना 'समपहरण' कशाला आणायचं? फार्सीचा विटाळ एवढाच आक्षेप असेल तर आधी 'अर्ज' आणि 'हजर' सोडून दाखवा.

आणखी एक. युद्धाविषयीच्या १९०७ च्या हेग नियमांतलं ५५ वं कलम सांगतं की कब्जेदार सत्ता ही सरकारी स्थावर मिळकतीची फक्त व्यवस्थापक आणि फलभोक्ती. फळं खावीत, झाड तोडू नये. याला आपल्याकडे शब्द नाही म्हणून काही अभ्यासक हळहळतात. अहो, कब्जेगहाण म्हणजे काय वेगळं असतं? सावकार जमीन कसतो, पीक खातो, पण विकू शकत नाही. विहिरीतून उपसलेलं तेल हे फळ की झाड, यावर मात्र वकिलांनी भरपूर खाल्लंय. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी सुमात्राच्या डच विहिरींतून तेल उपसलं, तेव्हा जमिनीतलं कच्चं तेल हे लढाईत उचलून नेण्याजोगं जंगम सामान नव्हे, असा निकाल १९५६ साली सिंगापूरच्या न्यायालयाने दिला होता.

इराकच्या निधीला संयुक्त राष्ट्रांनी दिलेलं अभय ३० जून २०११ ला संपलं, अमेरिकेने दिलेलं २७ मे २०१४ च्या आदेशाने. मूळ आणीबाणी मात्र त्यानंतरही दर मे महिन्यात पुढे ढकलली जातेय.

हां, ते क्रियापद. 'जाहीर केली' लिहा. आणि त्या लेखकांना कळवा, 'तेल जप्त केले'च्या जागी 'तेलाच्या पैशाची अमानत केली' घालायला.