पहिल्या ओएमएमला निघण्याआधी

चि. ... हिस,
अनेक आशीर्वाद.

लीड्सला जाऊन वर्ष होत नाही तोच वर्गातल्या मैत्रिणीला सोबत घेऊन ओएमएमच्या, म्हणजे ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन या ब्रिटनमधल्या डोंगरी शर्यतीच्या, शॉर्ट स्कोअर गटात नाव घातलंस, हे वाचून बरं वाटलं. ‘सह्याद्रीतले एवढे ट्रेक झालेत, तेवढ्यावर भागेल ना?’ असं विचारलं आहेस. पायांचं भागेल. नकाशाचं भागणार नाही, आणि ही शर्यत नकाशाची आहे.

१९६८ साली जेरी चार्नली यांनी ती सुरू केली. पुढे बरीच वर्षं ती कॅरिमॉर या सॅक बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने ओळखली जात होती. मूळ साचा तेव्हापासून तोच आहे. दोघांची जोडी, दोन दिवस, मधली रात्र डोंगरात. तंबू, अंथरूण, स्टोव्ह, जेवण सगळं आपल्याच पाठीवर. वेळ ऑक्टोबरअखेरची, म्हणजे ब्रिटनच्या डोंगरात हवा बिघडायची हमखास वेळ. जागा दर वर्षी बदलते आणि नकाशा सुटायच्या वेळी हातात पडतो. जीपीएस चालत नाही. फोन पिशवीत बंद, फक्त आणीबाणीपुरता.

आपल्याकडे वाट चुकली तर ढोरवाट सापडते, गुराखी भेटतो, खाली वाडीतला कुत्रा भुंकतो. तिथे चुकायला मुळात वाटच नसते. गवताचे गोंडे, दलदल, कमरेएवढं वाळलेलं नेचं आणि कोकणातल्या गडग्यासारख्या रचीव दगडी भिंती. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर असतं तसं धुकं, पण पाच अंश तापमानात. म्हणून एक गोष्ट धरून ठेव: थंडी, भूक आणि ओझं, तिन्हींचा हिशेब शेवटी नकाशावर होतो. गारठलेला, उपाशी माणूस आधी नकाशा चुकीचा वाचतो आणि मग दमतो. पुढे जे लिहितो आहे ते सगळं याच हिशेबाने वाच.

आधी नकाशा. तो बहुधा १:४०,००० चा असेल. १ मिमी म्हणजे ४० मीटर. समोच्च रेषांमधलं अंतर हार्वी या ब्रिटिश कंपनीच्या नकाशांवर १५ मीटर असतं. आपल्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर ते डोंगरी भागात २० मीटर असतं, त्यामुळे तुझा डोळा चढ थोडा जास्तच मोजेल. सरावात तो बसवून घे. आकार मात्र ओळखीचेच आहेत. रेषांचं टोक चढाकडे वळलं की घळ, उताराकडे वळलं की सोंड, दोन फुगवट्यांच्या मध्ये चिमटा घेतल्यासारखं दिसलं की खिंड, एकटं बंद कडं दिसलं की टेपाड. कंट्रोल, म्हणजे शर्यतीत गाठायचं ठिकाण, बहुतेक वेळा अशाच जागी असतो: घळीच्या वरच्या टोकाला, ओढ्यांच्या संगमाला, भिंतीच्या कोपऱ्याला. इंग्रजी शब्द घोकत बसू नकोस. धुक्यात डोकं आपल्याच भाषेत चालतं.

स्कोअर गटात कंट्रोल घ्यायचा क्रम आपण ठरवायचा असतो. प्रत्येकाला ठरावीक गुण असतात. पहिल्या दिवशी ५ तास, दुसऱ्या दिवशी ४. उशिराला गुण कापतात आणि ती कात्री भराभर वाढत जाते. नकाशा मिळताच बाकीचे धावत सुटतील, तेव्हा तुम्ही दोघी बाजूला बसा आणि पाच मिनिटं घ्या. ही पाच मिनिटं दोन दिवसांतली सगळ्यात स्वस्त पाच मिनिटं असतात.

त्या पाच मिनिटांत काय करायचं? नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक हिशेब दिला होता: ३ मैलांना १ तास, शिवाय दर २००० फूट चढाला आणखी १ तास. म्हणजे १ मीटर चढ साधारण ८ मीटर सपाटीइतका महाग. आता हे नकाशावर आण. एक समोच्च रेषा चढणं म्हणजे १५ गुणिले ८, १२० मीटर, अर्थात नकाशावरचे ३ मिमी. समोर टेपाड असेल आणि सरळ चढून गेल्यास ६ रेषा पडत असतील, तर १८ मिमीपर्यंतचा वळसा तुम्हाला परवडतो. वळशात दलदल असेल तर नाही परवडत.

सोबत ४० सेंमी पातळ दोरा ठेव, दर ५ सेंमीला गाठ मारलेला. पहिल्यांदा येणारी जोडी नेस्मिथच्या चालीने गेली तरी पुष्कळ झालं. म्हणजे ५ तासांत साधारण २५ ‘सपाट’ किलोमीटर. त्यातले १००० मीटर चढाचे ८ किलोमीटर वजा कर, उरले १७. वाकडीतिकडी चाल, दलदल, नकाशासमोर घुटमळणं यांसाठी आणखी तीनेक किलोमीटर सोड. राहिले १४, म्हणजे नकाशावर ३५ सेंमी. दोऱ्याच्या सात गाठींत बसेल असा फेरा आख. शेवटच्या भागात असे दोन-तीन कंट्रोल ठेव, की वेळ असला तर घ्यायचे, नसला तर बघायचंही नाही. उलटं करणाऱ्या जोड्या, म्हणजे लांबचा मोठ्या गुणांचा कंट्रोल आधी धरणाऱ्या, शेवटच्या अर्ध्या तासात डांबरी रस्त्यावरून जीव तोडून पळताना दिसतात.

होकायंत्र भारतातून नेलं असशील तर ते सपाट धरून सुई नीट फिरते का बघ. चुंबकीय क्षेत्राचा खालचा कल उत्तरेकडे वाढत जातो, त्यामुळे आपल्या पट्ट्यासाठी तोललेली सुई तिथे टोकाने तबकडीला घासू शकते. अडत असेल तर तिथलंच नवं घे, अंगठ्यात अडकवायचं किंवा पट्टीचं. फोनपासून ते लांब ठेव. चुंबकीय उत्तर आणि नकाशाची उत्तर यांतला फरक ब्रिटनमध्ये सध्या इतका थोडा आहे की या शर्यतीपुरता तो विसरलास तरी चालेल. तुझ्या हाताची चूक मात्र विसरू नकोस. ५ अंश चुकलीस तर ५०० मीटरवर जवळजवळ ४५ मीटर बाजूला निघशील, आणि धुक्यात ४५ मीटरवरचा नारिंगी-पांढरा कंट्रोल दिसत नाही.

म्हणून कंट्रोलवर थेट नेम धरू नये. आधी जवळची एखादी न चुकणारी खूण गाठ, भिंतीचं वळण किंवा ओढ्याचा फाटा, आणि तिथून शेवटचे १००–१५० मीटर होकायंत्राने, पावलं मोजत. १०० मीटरला तुझी किती दुहेरी पावलं पडतात ते आधीच मोजून ठेव: चालताना, पळताना आणि चढावर, तिन्ही वेगळी. ओढ्यावरचा कंट्रोल असेल तर मुद्दाम त्याच्या वरच्या अंगाला नेम धर. ओढा लागला की कुठे वळायचं याची शंका राहत नाही. आणि निघण्याआधी एकमेकींना सांगा, ‘अमुक दिसलं तर आपण पुढे आलो.’ हे मोठ्याने बोलायचं. मनात ठरवलेलं धुक्यात टिकत नाही.

सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो माहीत आहे? शेजारच्या घळीत. दोन घळी सारख्या दिसतात, माणूस पहिलीत उतरतो, कंट्रोल मिळत नाही, तरी ‘इथेच असणार’ म्हणून वीस मिनिटं फिरतो. मग जमीन नकाशात बसवायला लागतो: हा दगड म्हणजे तो दगड असेल, ही भिंत पडली असेल. असं सुरू झालं की थांबायचं. घळ कोणत्या दिशेला उतरते ते होकायंत्राने बघा, नकाशावरच्या घळीशी ताडा. जुळत नसेल तर शेवटच्या खात्रीच्या जागी परत जा. कंट्रोल सापडला तरी डिबर (कंट्रोल गाठल्याची नोंद करणारी इलेक्ट्रॉनिक कांडी) लावण्याआधी त्यावरचा आकडा कंट्रोलांच्या वर्णनाच्या कागदाशी ताडून घे, कारण दुसऱ्या गटाचा कंट्रोल पन्नास पावलांवर असू शकतो.

दोघींनी काम वाटून घ्या. एक नकाशा वाचते, दुसरी पावलं आणि वेळ मोजते आणि दर दहा मिनिटांनी विचारते, ‘आपण कुठे आहोत, बोट ठेव.’ बोट ठेवता आलं नाही तर तिथेच थांबायचं. जिचा दम जास्त तिने तंबू उचलावा. चाल जोडीतल्या सावकाश पावलाची असते, आणि ते मान्य करायला वेगवान मुलीला पहिला दिवस लागतो.

ओझं. सॅक २० ते २५ लिटरची, पाणी धरून प्रत्येकी ५–६ किलोच्या आत. तंबू दोघींत सव्वा किलोपर्यंत, स्लीपिंग बॅग ७०० ग्रॅमच्या आसपास, मॅट पातळ. स्लीपिंग बॅग आणि रात्रीचे कपडे वेगवेगळ्या जलरोधक पिशव्यांत घाल, सॅकवरच्या रेनकव्हरच्या भरवशावर राहू नकोस. आयोजकांची सामानाची यादी असते आणि ते ती तपासतात. सांधे पट्टीने बंद केलेलं रेनजॅकेट, तशीच रेनपँट, शिट्टी, हेडटॉर्च, आणीबाणीचं खाणं. शेवटच्या दिवशी हे खाणं आणि थोडं इंधन उरलेलं दाखवावं लागतं, तेव्हा मोह आवर. वजन वाचवायचं ते आवडीच्या वस्तूंतून. रेनपँट घरी ठेवून नव्हे.

सुती कपडा अंगावर एकही नको, आतलाही नाही. पाऊस सुरू झाल्यावर जॅकेट घालायचं ही आपली सवय तिथे मोडावी लागेल. भिजायच्या आधी घाल, धारेवर वारा लागायच्या आधी घाल. दोन अंशांतला पाऊस-वारा कोरड्या बर्फापेक्षा वाईट. हातमोज्यांचे दोन जोड ने, कारण बोटं गेली की चेन उघडत नाही, नकाशा घडी होत नाही, चिक्कीचा कागद सुटत नाही. मैत्रीण अडखळायला लागली, बोलणं जड झालं, किंवा एरवीची बडबडी एकदम गप्प झाली, तर तो थकवा समजू नकोस. ती गारठली आहे. वाऱ्याआड न्यायचं, कपडे चढवायचे, गोड खायला द्यायचं आणि उंची सोडायची. त्या वेळी गुण मोजायचे नसतात.

खाण्यात आपलं घर उपयोगी पडतं. धावताना तासाला २००–२५० कॅलरी पोटात गेल्या पाहिजेत, भूक असो वा नसो. घड्याळात दर ३० मिनिटांची घंटी लाव. दाण्याची चिक्की १०० ग्रॅमला ५०० कॅलरीच्या आसपास देते, पण थंडीत ती दगड होते, म्हणून घरीच सुपारीएवढे तुकडे करून ने. दाण्याचे लाडू, खजूर, भाजलेले खारे काजू चालतील. नुसतं गोड दुसऱ्या दिवशी घशाखाली उतरत नाही, तेव्हा थोडं तिखट-खारट असूच दे. रात्रीसाठी तांदूळ नेऊ नकोस, शिजता शिजता गॅस संपेल. उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकून होईल असंच काही ने: शेवया, नूडल्स, बटाट्याची पूड. वर तूप, चमचाभर तुपाएवढ्या कॅलरी इतक्या कमी वजनात तेलाखेरीज दुसरं काही देत नाही. सकाळी पातळ पोहे, दूधपावडर, साखर आणि गरम पाणी. भांडंही घासावं लागत नाही.

एक लिटर पाणी उकळायला वारा नसताना साधारण १५ ग्रॅम गॅस लागतो, वाऱ्यात त्याच्या दुप्पट. संध्याकाळचे २ आणि सकाळचे दीड लिटर धरले तर १०० ग्रॅमचा डबा पुरतो, आडोसा केला तर. डबा प्रोपेन मिसळलेला घे, कारण नुसत्या ब्युटेनचा शून्याजवळ वायू व्हायचं थांबतं. बंद तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही, कितीही पाऊस असला तरी. बाहेरच्या पडवीत, दार उघडं ठेवून. आगीपेक्षा कार्बन मोनॉक्साइड वाईट, त्याला वास नसतो.

मुक्कामाला पोचल्यावर क्रम असा: तंबू, कोरडे कपडे, गरम पाणी, खाणं. गप्पा मग. कोरड्या मोज्यांचा एक जोड फक्त तंबूतला. बाहेर जायचं तर त्यावर पावाच्या प्लास्टिक पिशव्या चढवून मगच ओले बूट घाल. बुटांच्या नाड्या रात्री पूर्ण सैल करून ठेव, कारण दहिवर पडून गोठल्या तर पहाटे पाय आत जात नाही. सकाळी ओले मोजे पुन्हा चढवणं हा दोन दिवसांतला सगळ्यात नकोसा क्षण. तेव्हा कोरडे वापरून टाकायचा मोह होईल. करू नकोस, दहा मिनिटांत तेही भिजतात.

२००८ साली बॉरोडेलमध्ये, लेक डिस्ट्रिक्टात, पुरामुळे ही स्पर्धा पहिल्याच दिवशी थांबवावी लागली. शेकडो धावपटू ‘बेपत्ता’ अशा बातम्या झळकल्या. प्रत्यक्षात बहुतेक जण तंबूत, शेतघरांत, होनिस्टरच्या पाटीच्या दगडाच्या खाणीत आसरा घेऊन होते, कारण रात्र काढायचं सामान पाठीवर होतं. यादी तपासतात ती याच्यासाठी. ओढा फुगलेला दिसला तर ओलांडू नकोस. वर जाऊन फाटे फुटतात तिथे ओलांड, नाहीतर तो कंट्रोल सोड. शर्यत अर्धवट सोडलीस तरी शेवटच्या ठिकाणी जाऊन डिबर दाखवल्याशिवाय गाडीत बसायचं नाही, नाहीतर बचाव पथकाचे स्वयंसेवक रात्रभर तुम्हाला शोधत फिरतील. मदत हवी असेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा. फोन लागला तर ९९९, आधी पोलिस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू.

आता उरलेल्या आठवड्यांत पळणं वाढवू नकोस. दर शनिवारी भरलेली सॅक घेऊन यॉर्कशायर डेल्समध्ये जा, मळलेली वाट सोड आणि नकाशावर स्वतः दहा खुणा करून त्या गाठ. त्यातला एक शनिवार मुद्दाम पावसाचा निवड, आणि एकदा तरी त्याच तंबूत, त्याच स्टोव्हवर रात्र काढा. बूट ६–८ मिमी दातांचे घे आणि आत्ताच घालायला लाग. सामानाची वजनं वस्तूगणिक लिहून मला पाठव, काय काढायचं ते बघू.

तुझा,
काका

ता. क. स्पर्धा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवडाअखेरीला असली, की शनिवारच्या रात्रीच ब्रिटनची घड्याळं एक तास मागे जातात. अंधार साधारण १४ तासांचा असेल. हेडटॉर्चचे सेल त्या मानाने ने, आणि रविवारी कोणत्या वेळेने सुटायचं ते शनिवारीच आयोजकांना विचारून घे.