मोबाईलवर एसएसएच लावताय? आधी एवढं बघ

हे बघ, अँड्रॉइडवर एसएसएच सर्व्हर, म्हणजे लॅपटॉपवरून फोनमध्ये सुरक्षित लॉगिन करून कमांड चालवायची सोय, चालवायला फोन रूट करायची (सिस्टीमचे पूर्ण अधिकार मिळवायची) काहीच गरज नाही. टर्मक्स हे कमांड चालवायचं अ‍ॅप एफ-ड्रॉइड या अ‍ॅप स्टोअरवरून घे, मग त्यात पीकेजी कमांडने ओपनएसएसएच हे पॅकेज टाक, पासडब्ल्यूडी कमांड चालवून पासवर्ड ठेव आणि एसएसएचडी, म्हणजे सर्व्हरचा प्रोग्राम, सुरू कर, झालं. आता बहुतेक जण अडकतात ते पोर्टवर (कनेक्शन ज्या क्रमांकावर लागतं तो), लॅपटॉपवरून एसएसएचच्या नेहमीच्या 22 ला जोडायला जातात आणि कनेक्शन रिफ्यूज्ड येतं, कारण रूट नसताना अँड्रॉइड 1024 च्या खालचे पोर्ट उघडू देत नाही म्हणून टर्मक्स 8022 वापरतं, तर कमांडमध्ये मायनस पी 8022 द्यायलाच हवं.

स्क्रीन बंद झाली की सेशन लटकतं ना, त्याला टर्मक्स-वेक-लॉक ही फोनला झोपू न देणारी कमांड चालव आणि सेटिंगमध्ये टर्मक्सचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद कर.

आणि खरं महत्त्वाचं म्हणजे पासवर्डवर राहू नकोस रे, लॅपटॉपवर ईडी25519 प्रकारची की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइलींची जोडी) बनव, तिचा पब्लिक भाग एसएसएच-कॉपी-आयडी कमांडने फोनवर पाठव, कीने लॉगिन होतंय याची खात्री कर आणि मगच एसएसएचडी कॉन्फिग या सेटिंग फाइलमध्ये पासवर्ड ऑथेंटिकेशन नो कर. कॉलेज किंवा कॅफेच्या वायफायवर तर एसएसएचडी चालूच ठेवू नकोस, काम झालं की पीकिल कमांडने बंद.