ग्रुप डिस्कशनमध्ये हुशार पोरगाच बोलतो, काय करू?

प्रश्न: मॅडम नमस्कार, गोव्यात तिसवाडीतल्या एका हायस्कुलात नववीला सायन्स शिकवते. ग्रुप डिस्कशन दिलं की पहिला नंबरवाला एकटाच बोलतो, बाकीचे त्याचं उतरवून घेतात. एकाला विचारलं तर म्हणे, "टीचर, ताकाच विचार, ताका सगळें येता" (त्यालाच विचार, त्याला सगळं येतं). हुशारांचे ग्रुप वेगळे पाडू का?

उत्तर: लगेच पाडू नका हो. 1996 मध्ये लू, आब्रामी वगैरे संशोधक मंडळींनी ग्रुपमधल्या शिकण्यावरचे आधीचे बरेच अभ्यास एकत्र तपासले, त्यात कच्ची मुलं मिक्स ग्रुपमध्ये जास्त शिकली, हुशारांना कुठेही बसवलं तरी फारसा फरक पडला नाही आणि मधली मुलं मात्र आपल्यासारख्यांबरोबरच खुलली. या मधल्यांकडे कोणाचंच लक्ष नसतं! हुशार मुलगा कच्च्याला समजावतो आणि मधला नुसता ऐकत बसतो. म्हणून पहिला न् शेवटचा नंबर एकत्र बांधण्यापेक्षा हुशार-मधले, मधले-कच्चे असे चार-चारचे ग्रुप करून बघा.

नोरीन वेब यांच्या संशोधनात दिसतं की जो समजावून सांगतो तो शिकतो, ज्याला आयतं उत्तर मिळतं त्याच्या हाती फारसं काही लागत नाही, म्हणजे तुमच्याकडे सध्या तो पहिला नंबरवालाच आणखी पुढे चाललाय.

दुसरं म्हणजे गप्प बसणारा कच्चाच असतो असं नाही. चौथीपर्यंत मराठीत नाहीतर कोंकणीत शिकलेलं पोर पाचवीपासून इंग्लिशमध्ये, त्यात चर्चाही इंग्लिशमध्येच लावली तर त्याचं अडतंय सायन्सला की इंग्लिशला हे कळणार कसं? बोलू दे घरच्या भाषेत, लिहायचं तेवढं इंग्लिशमध्ये.

आणि प्रश्नच असा द्या की पाठांतराने सुटणार नाही. प्रेशर शिकवताना खाजनातली (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली) मानस, म्हणजे पाण्याचं दार, घ्या ना, ओहोटीला ते दार आपोआप उघडून पाणी बाहेर जातं आणि भरतीला आपोआप बंद होतं, कसं काय? ज्याचा बापूस मानशीवर मासे पकडतो त्याने ते रोज बघितलेलं असतं, पहिल्या नंबरवाल्याने कदाचित नसेलही. ते मानशीवाल्याचं पोर बोललं की "हा मुद्दा याने काढला" असं सगळ्यांसमोर म्हणा, स्टॅनफर्डच्या एलिझाबेथ कोहेन यांचा भर यावरच होता, कारण वर्गाने एकदा कुणाला 'ढ' ठरवलं की त्याचं बरोबर असलेलंही कोणी ऐकत नाही.

बडबडीला मार्क अजिबात देऊ नका. ग्रुपचं उत्तर कोण सांगणार हे चर्चा संपल्यावर तुम्ही ठरवा, आधी कळलं तर परत पहिल्या नंबरवाल्यालाच पुढे करतील.