खाण बंद झाली की नदी पुन्हा पहिल्यासारखी होते का?

तुम्ही विचारलंय, मोठ्या नदीत खाणीची घाण गेली तर मासे मरण्यापलीकडे काय होतं, आणि खाण बंद झाल्यावर नदी आपोआप सुधारते का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: आपल्या हयातीत तरी धरून चालू नका. का, ते पापुआ न्यू गिनीतल्या फ्लाय नदीवरून सांगतो.

तिथल्या डोंगरात ओक टेडी ही तांब्या-सोन्याची खाण १९८४ साली सुरू झाली. धातू काढून घेतल्यावर उरणारा बारीक दळलेला दगड, म्हणजे टेलिंग्ज, अडवायला धरण बांधायचं ठरलं होतं. त्याच वर्षी दरड कोसळली आणि ते काम बारगळलं. वर्षाला ८ ते १० मीटर पाऊस, त्यात भूकंपाचा पट्टा. मग टेलिंग्ज थेट नदीत सोडायची तात्पुरती परवानगी मिळाली. तात्पुरतं म्हणजे किती दिवस, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. रोज सुमारे ८०,००० टन टेलिंग्ज नदीत जाऊ लागल्या, फोडलेला दगड वेगळाच.

विषापेक्षा मोठा घात या गाळाने केला. नदीचा तळ वर आला, पात्र उथळ झालं, आणि नेहमीचाच पाऊस पात्रात मावेना. पाणी काठ सोडून रानात शिरायचं आणि आठवडेच्या आठवडे तिथेच तुंबून राहायचं. मुळांना हवा मिळाली नाही की झाडं उभ्याउभ्या वाळतात. असं शेकडो चौरस किलोमीटर जंगल गेलं. काठच्या लोकांच्या बागा आणि सागो पामची (ज्याच्या गाभ्यातल्या पिठावर ते जगतात त्या झाडांची) बनं बुडाली, मासेही घटले.

आता तांब्याचं. मी पाण्याचे नमुने तपासायचं काम करतो. नमुना आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळतात. खाली नितळ पाणी उतरतं, त्यातलं तांबं अहवालात 'विरघळलेलं' म्हणून लागतं. वर फिल्टरवर चिखलाचा पातळ थर उरतो. तो आम्लात तापवून मोजला की खाणीखालच्या नदीत आकडा कितीतरी पटींनी चढू शकतो. दोन्ही आकडे खरेच, पण लोकांसमोर बहुधा पहिलाच येतो. तळाचे जीव मात्र त्या चिखलातच जगतात. शिवाय पिण्याच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅम तांबं जागतिक आरोग्य संघटनेला चालतं. नदीतल्या नाजूक जिवांना त्याच्या शंभराव्या हिश्शानेही त्रास होऊ शकतो. म्हणून 'पाणी पिण्यायोग्य आहे' एवढ्यावरून नदी ठीक आहे असं समजू नये.

आणि हा गाळ जागेवर बसत नाही. दर पुरात थोडा उठतो, खाली सरकतो, काठावर पसरतो. त्यात पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असेल तर उघड्यावर हवा-पाणी लागून गंधकाम्ल तयार होतं आणि अडकलेले धातू सुटतात. हे सगळं खाणीला कुलूप लागल्यावरही चालूच राहतं.

१९९४ मध्ये गावकऱ्यांनी खाणीची मुख्य मालक असलेल्या बीएचपी या ऑस्ट्रेलियन कंपनीला मेलबर्नच्या कोर्टात खेचलं, १९९६ मध्ये तडजोड झाली. १९९८ पासून नदीतून गाळ उपसू लागले, पण वरून येणारा माल थांबला नव्हता. २००२ मध्ये कंपनी पुढच्या दाव्यांपासून कायदेशीर संरक्षण घेऊन बाहेर पडली. ब्राझीलमध्ये ५ नोव्हेंबर २०१५ ला टेलिंग्जचं धरण फुटून १९ माणसं गेली आणि चिखल रिओ दोसी नदीतून समुद्राला मिळाला. ते जगाने पाहिलं. ओक टेडीत तसं धरण फुटलं नाही, सगळं परवान्याने चाललं. मला ते जास्त भयंकर वाटतं.

तुमच्या हाती एखाद्या नदीचा अहवाल आला, तर 'मर्यादेत' हा शब्द वाचून थांबू नका. तळाच्या गाळाचे आकडे दिलेत का आणि नमुना खाणीपासून किती लांब घेतलाय, हे आधी बघा. मोठी उपनदी मिळाल्यानंतर घेतलेला नमुना बहुधा बरा दिसतो, कारण तिच्या पाण्याने घाण पातळ होते.