फुटेजची किंमत कोणी मोजली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बारावीच्या मुलांना 'कॅटफिश' आणि 'ब्लॅकफिश' हे दोन माहितीपट दाखवायचे आहेत. एक फेसबुकवरच्या फसवणुकीचा, दुसरा टाकीत कोंडलेल्या ऑर्काचा, म्हणजे 'किलर व्हेल'चा. तुमचे सहकारी म्हणतात की दोन्ही एकतर्फी आहेत, मुलांची दिशाभूल होईल. मग दाखवावेत का, आणि दाखवले तर नीतीबद्दल मुलांशी बोलायचं तरी काय?

दाखवा. मी बावीस वर्षं माहितीपटांचं संकलन करतोय, त्यामुळे हे उत्तर एडिटच्या टेबलावरून लिहितोय असं समजा. फिल्म एकतर्फी आहे का, या प्रश्नाने फार काही हाती लागत नाही. साठ तासांच्या रशेसमधून, म्हणजे कच्च्या चित्रीकरणातून, नव्वद मिनिटं काढायची तर उरलेले साडेअठ्ठावन्न तास कुणीतरी ठरवूनच बाजूला टाकलेले असतात. मी मुलांना प्रत्येक दृश्यापाशी दोन गोष्टी विचारायला सांगेन. हे मिळवताना किंमत कोणी मोजली? आणि ज्याने मोजली त्याला नाही म्हणता येत होतं का?

हे मला एका धामणीमुळे कळलं. मी नवीन असताना सर्पमित्रांवरच्या एका छोट्या फिल्मचं काम माझ्याकडे आलं होतं. शेवटचं दृश्य साप सोडण्याचं. गोणीचं तोंड उघडतं, धामण गवतात शिरते, निवेदक म्हणतो, ती आपल्या घरी परतली. पडद्यावर हे सगळं मिळून अकरा सेकंद. माझ्याकडे रशेस आले तेव्हा या अकरा सेकंदांचे पाच टेक होते. पहिल्यात ऊन थेट लेन्सवर आलेलं. दुसऱ्यात कुणाची तरी सावली पडलेली. दर वेळी तिला शेपटीला धरून मागे ओढायचं, पुन्हा गोणीत घालायचं. मे महिना, खालचे दगड तापलेले. पहिल्या टेकला ती बांध फुटून पाणी सुटावं तशी गेली. चौथ्याला गोणीतून अर्धी बाहेर आली आणि तिथेच पडून राहिली, तोंड जरासं उघडं. साउंड ट्रॅकवर एक आवाज आहे: "हलव की तिला." पाचव्या टेकला तिला काठीने सरकवलं, ती रखडत गवतात गेली आणि तो टेक ओके झाला. मी तो लावला, काठी दिसणार नाही अशा बेताने कापला आणि आवाज पुसून खाली पक्ष्यांची किलबिल घातली.

साप खरा, सर्पमित्र खरे, रानही खरं. कुणीही ती फिल्म तपासली असती तरी त्यात खोटं काही सापडलं नसतं. पण तिची किंमत त्या धामणीने मोजली होती आणि ती लपवायचं काम माझ्या हातून झालं. त्यानंतर मी प्राण्यांच्या कुठल्याही फिल्मचे सगळे टेक पाहिल्याशिवाय काम घेत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण २०११ सालचं. बीबीसीच्या 'फ्रोझन प्लॅनेट' मालिकेत हिमअस्वलाची नुकती जन्मलेली पिल्लं बर्फाच्या बिळात दिसतात. आजूबाजूची दृश्यं आर्क्टिकची आहेत, बिळातलं चित्रीकरण मात्र नेदरलँड्समधल्या एका प्राणिसंग्रहालयातलं. ब्रिटिश वृत्तपत्रांनी यावर बीबीसीला झोडपलं. वेबसाइटवर खुलासा होता, निवेदनात नव्हता. माझ्या मते निवेदनात एक वाक्य घालायलाच हवं होतं. पण खऱ्या बिळात कॅमेरा घातला असता तर बिथरलेल्या मादीकडून पिल्लांच्या जिवावर बेतलं असतं. इथे प्रेक्षकापासून एक गोष्ट राहून गेली, पण जनावर वाचलं. डिस्नीच्या १९५८च्या 'व्हाइट विल्डरनेस'मध्ये दोघांचंही नुकसान झालं. लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून उड्या टाकून सामूहिक आत्महत्या करतात, असं त्यात दाखवलं होतं. चित्रीकरण कॅनडातल्या अल्बर्टाचं, जिथे ते लेमिंग मुळात राहतच नाहीत. ते मॅनिटोबातून विकत आणले होते, कड्यावरून लोटले होते आणि त्या फिल्मला ऑस्कर मिळालं. १९८०च्या दशकात कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने ही बनवाबनवी उघड केली, तरी लेमिंग जीव देतात हा समज अजून जगभर टिकून आहे.

आता 'कॅटफिश'. फिल्म २०१०ची. न्यूयॉर्कमधला तरुण छायाचित्रकार नीव्ह शुलमन याचं एक छायाचित्र छापून येतं आणि मिशिगनमधल्या आठ वर्षांच्या मुलीने त्यावरून काढलेलं चित्र त्याला टपालाने येतं. मग मुलीच्या आईशी ओळख, मोठ्या बहिणीशी फेसबुकवर बोलणं, फोन, आणि प्रेम. भाऊ एरियल आणि मित्र हेन्री जूस्ट हे सगळं चित्रित करत असतात. एके दिवशी त्या बहिणीने स्वतःचं म्हणून पाठवलेलं गाणं इंटरनेटवर दुसऱ्याच कुणाच्या आवाजात सापडतं. तिघे रात्री तिच्या फार्मचा पत्ता शोधत जातात. घरात कुणी राहत नाही, आणि टपालपेटीत नीव्हनेच तिला पाठवलेली पोस्टकार्डं निघतात. शेवटी कळतं की बहीण आणि बाकीची माणसं मुलीच्या विवाहित, मध्यमवयीन आईनेच चालवलेली होती. फोटो तिसऱ्याच एका स्त्रीचे, तिला न विचारता उचललेले.

या फिल्मवर वाद झाला तो मुख्यतः एकाच मुद्द्यावर: या तिघांना खरं आधीच माहीत होतं का? त्यांनी ते कायम नाकारलंय. मुलं यावर तासभर भांडतील, भांडू द्या. पण मला अडतं ते त्याच्या पुढे. काहीतरी खोटं आहे हे कळल्यावर कॅमेरा सुरू ठेवून तिघे त्या बाईच्या दारात उभे राहतात. तिने पुढे फिल्मला संमती दिली. पण पकडल्या गेलेल्या माणसाची संमती आणि दोन दिवस विचार करून दिलेली संमती यांचं वजन सारखं नसतं. संमतीपत्रावर दोन्हीकडे सही तीच दिसते.

त्याहून मोठी गोष्ट त्या घरात आहे. तिच्या नवऱ्याची दोन मुलं गंभीर अपंग होती आणि प्रत्येक गोष्टीसाठी तिच्यावर अवलंबून होती. ती पडद्यावर दिसतात. लहान मुलगीही दिसते. या तीन मुलांपैकी कुणालाही काही ठरवता येत नव्हतं. संकलक म्हणून मला नेमकं समजतं की ती दोन मुलं तिथे का लावली आहेत. त्यांना पाहिल्यावर प्रेक्षकाचा बाईवरचा राग उतरतो, तिचं एकटेपण पटतं आणि कथेला शेवट सापडतो. म्हणजे तिला माफ करायला आपल्याला जे कारण हवं होतं, ते त्या मुलांच्या शरीरांनी पुरवलं. मुलांना हे दृश्य दोनदा दाखवा. पहिल्यांदा त्यांचं लक्ष बाईकडे असेल, दुसऱ्यांदा खुर्चीतल्या मुलांकडे जाईल. इंटरनेटवर खोटं रूप घेऊन फसवण्याला कॅटफिशिंग हा शब्द याच फिल्ममुळे रूढ झाला आणि २०१२पासून त्यावर टीव्ही मालिकाही चालली. दार ठोठावणारा कॅमेरा तिच्यात बहुतेक भागांत यायचा.

'ब्लॅकफिश' २०१३चा, दिग्दर्शिका गॅब्रिएला काउपर्थवेट. तिलिकम हा नर ऑर्का १९८३मध्ये आइसलँडजवळ पकडला, तेव्हा तो दोनेक वर्षांचा होता. कॅनडातल्या सीलँड या जलप्राण्यांच्या पार्कमध्ये रात्री त्याला दोन माद्यांबरोबर काळोख्या, बंदिस्त टाकीत ठेवत. माद्या त्याला दातांनी ओरबाडत. तिथे १९९१मध्ये केल्टी बर्न या प्रशिक्षक मुलीचा जीव गेला. १९९२मध्ये तो फ्लोरिडातल्या सीवर्ल्ड या मनोरंजन पार्कमध्ये आला, आणि २४ फेब्रुवारी २०१० रोजी त्याने डॉन ब्रँशो या अनुभवी प्रशिक्षिकेला पाण्यात ओढून मारलं.

या फिल्ममध्ये एक दृश्य असं आहे की मी ते दाखवताना नेहमी आवाज थोडा वाढवतो. पिकलेल्या दाढीचा एक धिप्पाड माणूस, जॉन क्रो, १९७०मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या पेन कोव्हमध्ये ऑर्कांची पिल्लं पकडण्याच्या कामावर होता. मोठे ऑर्का जाळ्याबाहेर थांबून ओरडत होते, निघून जात नव्हते. जे जाळ्यात मेले त्यांची पोटं फाडून आत दगड भरले, शेपटीला नांगर बांधला आणि बुडवले, म्हणजे कुणाला कळायला नको. हे सांगताना तो माणूस रडतो. चाळीस वर्षांनंतर कॅमेऱ्यासमोर बसून तो स्वतः किंमत मोजतोय, आणि ती त्याने आपणहून मोजलेली आहे. टाकीतल्या जनावराची गोष्ट तशी नाही, म्हणून हे दृश्य महत्त्वाचं.

डॉनच्या मृत्यूचं चित्रीकरण फिल्ममध्ये नाही. कुटुंबाने ते बाहेर येऊ नये म्हणून न्यायालयातून मनाई मिळवली होती. पुढे २०१४मध्ये कुटुंबाने असंही जाहीर केलं की ही फिल्म डॉनची गोष्ट नाही आणि आमचा तिच्याशी संबंध नाही. मला फिल्म झाली याचा आनंद आहे, पण मेलेल्या माणसाचं आयुष्य आपल्या मुद्द्याला जोडताना घरच्यांना काय वाटतं, हा प्रश्न त्याने सुटत नाही. २००६मध्ये सॅन डिएगोतल्या सीवर्ल्डमध्ये एका प्रशिक्षकाचा पाय धरून मादी ऑर्काने त्याला वारंवार तळाशी नेलं, ते चित्रण मात्र फिल्ममध्ये आहे. तो वाचला. वर आल्यावर तो तिला थोपटत राहतो, श्वास सावरतो. वर्गात ते लावण्याआधी मुलांना सांगून ठेवा, काहींना झेपणार नाही.

एकतर्फीपणाबद्दल तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं इथे अगदीच चूक नाही. सीवर्ल्ड कंपनीने मुलाखत नाकारली, हे फिल्म स्वतःच सांगते. कंपनीने नंतर तिच्यातल्या ६९ मुद्द्यांवर आक्षेपांची यादी काढली. पण फिल्मबाहेरची कागदपत्रंही आहेत आणि तीच मुलांच्या हातात द्यावीत. अमेरिकी कामगार सुरक्षा खात्याने २०१०मध्ये सीवर्ल्डला ७५,००० डॉलरचा दंड ठोठावला, तो पुढे १२,००० वर आला, पण प्रशिक्षकांच्या सुरक्षेबाबतचा मूळ ठपका अपील न्यायालयाने एप्रिल २०१४मध्ये कायम ठेवला. गर्दी घटत असताना, फिल्मचा परिणाम नाही असं कंपनी गुंतवणूकदारांना सांगत राहिली. त्याबद्दल कंपनी आणि तिच्या माजी मुख्याधिकाऱ्याने २०१८मध्ये शेअर बाजार नियामकाशी ५० लाख डॉलरहून अधिक रक्कम भरून तडजोड केली. म्हणजे 'कॅटफिश' आणि 'ब्लॅकफिश' यांना जोडणारी फसवणूक टाकीच्या बाहेर, हिशेबाच्या वहीत झाली होती. मार्च २०१६मध्ये सीवर्ल्डने ऑर्कांचं प्रजनन थांबवलं. तिलिकम मात्र जानेवारी २०१७मध्ये तिथेच मेला. आणि "समुद्रात सोडा" असं एखादा विद्यार्थी म्हणालाच तर त्याला केइको या बंदिवासातल्या ऑर्काबद्दल सांगा: पुष्कळ वर्षांच्या तयारीनंतर २००२मध्ये तो मोकळा झाला, पोहत नॉर्वेपर्यंत गेला, तिथेही माणसांची सोबत शोधत राहिला आणि २००३च्या डिसेंबरमध्ये तिथे मेला.

आपल्याकडचा धागाही जोडून द्या. डॉल्फिन पाळून खेळ करण्याची केंद्रं देशात होऊ द्यायची नाहीत, हा केंद्राचा निर्णय मे २०१३चा, म्हणजे 'ब्लॅकफिश' चित्रपटगृहात लागण्याआधीचा. त्याचं श्रेय फिल्मला देणारे चुकतात. डॉल्फिनना भारताने 'व्यक्ती' घोषित केलं, हेही तितकंसं खरं नाही. परिपत्रकात फक्त तसं मत असलेल्या शास्त्रज्ञांचा उल्लेख आहे. मालवणजवळ तोंडवळी-वायंगणीला 'सी वर्ल्ड' नावाचा पर्यटन प्रकल्प उभारायचा ठरला होता आणि जमिनीसाठी गावकरी विरोधात उभे राहिले, हे कोकणातल्या मुलांनी घरी ऐकलेलं असेल. आणि कुणी 'द एलिफंट व्हिस्परर्स' या भारतीय माहितीपटाचा विषय काढला तर तोही टाळू नका. २०२३मध्ये ऑस्कर मिळालं आणि त्याच वर्षी फिल्ममधल्या बोम्मन आणि बेळ्ळी या जोडप्याने पैशांवरून निर्मात्यांना कायदेशीर नोटीस पाठवली. निर्मात्यांनी आरोप फेटाळले. कोण बरोबर ते मुलांना ठरवायला लावू नका. फक्त ज्यांच्या घरात कॅमेरा गेला त्यांना नंतर काय मिळायला हवं, हे त्यांच्याकडून लिहून घ्या.

क्रम असा ठेवा: पहिल्या दिवशी 'कॅटफिश', पण टपालपेटीच्या दृश्यापाशी थांबवा. आता तुम्ही त्या गाडीत असता तर कॅमेरा बंद केला असता का, याचं उत्तर प्रत्येकाने नाव न घालता चिठ्ठीवर लिहायचं. मग उरलेली फिल्म. 'ब्लॅकफिश'ला सलग दीड तास द्या, मध्ये तोडू नका, आणि सहकाऱ्यांना त्या दिवशी वर्गात बोलवा. न्यायालयाच्या निकालातला प्रशिक्षकांच्या सुरक्षेचा भाग मराठीत दोन पानांत उतरवता येतो. मी एका कार्यशाळेसाठी तो केला होता. हवा असेल तर इथेच कळवा, मी टाकतो.