आबांशी बोलताना

पोरा,

आशीर्वाद. आबा कारगिलवर तासभर बोलतात, पण स्वतः जिथं लढले त्या श्रीलंकेचं नाव निघालं की उठून गोठ्यात जातात, असं तू लिहिलंस. मीही तेव्हा तिथंच, जाफन्यात होतो.

आम्ही लढायला गेलोच नव्हतो. २९ जुलै १९८७ला भारत आणि श्रीलंकेचा करार झाला. तमिळ वाघांची, म्हणजे एलटीटीईच्या बंडखोरांची, हत्यारं जमा करायची, शांतता राखायची, एवढंच काम. ऑक्टोबरात त्यांच्याशीच जुंपली. आपले अकराशेंहून अधिक जवान गेले. ८ महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं; हे नाव गावात किती जणांना ठाऊक आहे, विचारून बघ. मार्च १९९०मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली, तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत.

गावी आलो तर पारावर एकानं विचारलं, "तठे कसाले गया व्हता रे भो?" त्याच्या मनात वाईट नव्हतं. मला उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही.

जाफन्यातही आपल्या रावेरसारख्याच केळीच्या बागा. वाऱ्यानं सुकलेलं पान वाजलं की माणूस सरकल्यासारखं वाटायचं. घरी परतल्यावर दोन वर्षं मी केळीला पाणी द्यायला गेलो नाही. उकरलेली माती दिसली की पाय जागीच थांबायचा, तिकडं सुरुंग तसेच पुरलेले असत. वडील मला आळशी म्हणायचे. धाकट्या भावानं बाग सांभाळली आणि एकदाही कारण विचारलं नाही. त्याचे उपकार फिटायचे नाहीत.

म्हणून सांगतो, 'किती मारले' हे विचारू नकोस. कंपनीत कोण कोण होतं, लंगरात कोण रांधायचं, कोण कुठल्या गावचा, हे विचार. नावं निघाली की बाकीचं मागून येतं. नाही आलं तर नुसता जवळ बस. ते युद्ध बरोबर की चूक, याचा विचार तू जरूर कर. त्याचा जाब मात्र आबांना विचारू नकोस, हुकूम त्यांनी काढला नव्हता.

रात्री झोपेत ओरडले तर अंगाला हात लावून उठवू नकोस. दाराशी उभं राहून हाक मार. हे वेड नाही, यावर उपचार आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, ईसीएचएसच्या कार्डावर काय मिळतं ते विचार. टेलि-मानस ही मनाच्या आजारांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, तिच्या १४४१६वर फोन केला तर पैसे पडत नाहीत. आधी तू स्वतः बोल, मग त्यांना दे.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मी येतोय. आबांना सांग, बागेत नाही, बांधावरच बसू.

तुझा
फौजी काका